न घेतलेलं नाव

"सांग ना गो, हातान काय हाय तुज्या?" तुळसाने हातोडी बाजूला ठेवून विचारले.

सगुणाने मूठ मिटून घेतली. "सुपारी."

खडी फोडायला बसलेल्या बाया हसत सुटल्या. तुळसाला तर चेवच आला. "आनि ह्यो समोरचा डोंगर गो? त्यो पन सुपारीचाच?"

"व्हय. लई मोठी सुपारी हाय ती."

"आनि ती मोठी सुपारी कड्यावरशी सुटली तं काय वरडशील? सुपारी आली, पला?"

"तवाचं तवा बघू," सगुणा म्हणाली आणि स्वतःही पदरात तोंड घालून हसली.

ही थट्टा रोजची होती. सगुणाच्या नवऱ्याचे नाव दगडू. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, नावासारखा शब्दही तोंडातून काढायचा नाही, असे आईने सांगून तिला सासरी पाठवले होते. आणि देवाने नेऊन तिला बसवले कुठे, तर दगडाच्या खाणीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जे फोडायचे, वाहायचे, ज्याची धूळ खायची, त्याचेच नाव तिला वर्ज्य. ती खडा म्हणे, चिरा म्हणे, कधी नुसते "काळं" म्हणे. मसाल्यातल्या दगडफुलाला तिने धनीफूल असे नाव पाडले होते. वाडीतला दुकानदार तिला बघितले की न विचारताच म्हणायचा, "धनीफूल संपलं वाटतं?" खाणीच्या कडेला पिंपळाखाली महादेव होता. सोमवारी उपाशी पोटी ती त्याला पाणी घाली, पण तो कशाचा घडवलेला आहे हे काही तिने कधी बोलून दाखवले नसते.

कोलशेतच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी ही खाणीवाडी. मूळची वस्ती आगऱ्यांची, भातशेती करणारी. त्यांच्या खाचरांवर खाणीची धूळ बसू लागली तेव्हा त्यांच्यातल्या तुळसासारख्या बायाही हातोडी घेऊन खडीवर बसल्या. मागाहून देशावरची माणसे आली, पाऊस नाही म्हणून गाव सोडलेली. दगडू आणि त्याची म्हातारी आई आवडाबाई त्यातलीच. स्वराज्य आल्यापासून मुंबईला म्हणे दगड पुरत नव्हता. इथून तो ट्रकने कोलशेतच्या बंदरावर जायचा, तिथून मचव्याने पुढे. दुपारी लाल निशाण लागे, पत्र्याचा डबा बडवला जाई, माणसे आडोशाला जात आणि सुरुंग उडे. घराघरातली भांडी खणखणत. तेवढ्यापुरता बाया देवापुढच्या दिव्याला हाताचा आडोसा धरीत. भीती अशी कुणाला राहिली नव्हती.

दगडू कमी बोलणारा. पण घरी कधी जेवून हात धुतला की म्हणायचा, "सबंद खाण दिसभर माझं नाव घेती बग. मुकादम घेतो, ट्रकवाला घेतो, त्यो पाणक्या पोरगा बी घेतो. तू तेवढी घेत न्हाईस."

"आवं, आवुक्ष कमी व्हतं."

"कुणाचं?"

"तुमचं. आनि कुणाचं?"

"मंग ऱ्हाऊ दे बाबा," असे म्हणून तो हसायचा. पण हसून झाल्यावर घटकाभर थांबायचा. सगुणाला ते थांबणे कळायचे. ती भांडी गोळा करून बाहेर निघून जायची.

त्या दिवशी सोमवार होता. सुरुंग उडून धुरळा बसला तशी माणसे पुन्हा खाणीत उतरली. दगडू आणि दुसरे चौघे कड्याच्या अगदी तळाशी घण घेऊन उभे राहिले. पाणक्याला ताप भरला होता, म्हणून मुकादम महिपत सगुणाला म्हणाला, "सगुणाबाई, तेवढा हंडा न्ये बरं त्यांना." ती हंडा डोक्यावर घेऊन बाजूच्या पायवाटेने उतरत होती. त्या वाटेवरून वरचा कडा दिसतो, तळाच्या माणसांना तो दिसत नाही.

एक भली मोठी शिळा तिथे जरा पुढे आल्यासारखी वाटली. सगुणा थबकली. आपल्याला उपासाने भोवळ आली असेल, असे तिच्या मनात आले. मग शिळेच्या मागच्या फटीतून, जात्यातून पीठ सांडावे तशी बारीक माती गळू लागली.

तिने तोंड उघडले. शब्द येईना. जन्मभर ज्याला दारातूनच परत पाठवले, तो बोलावल्याबरोबर कसा यावा?

मग तो आला.

"दगड!"

आवाज केवढा आला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. खाणीच्या खोलगटीत तो फिरला, लांबला. खाणीत तो शब्द कानावर पडला की पाय आधी पळतात, डोके मागून पळते. चौघेजण जीव घेऊन बाजूला झाले.

दगडू पळाला नाही. त्याने घण खाली टेकवला, मान वर केली आणि बायकोकडे पाहिले. सगुणाला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. त्यावर भीती नव्हती. चारचौघांत कुणी उखाणा घ्यावा आणि नवऱ्या मुलाने खाली बघावे, तसा काहीसा तो झाला होता.

आणि शिळा आली.

धुरळा उठला, बसला. घण थांबले, हातोड्या थांबल्या. लांब घोडबंदरच्या रस्त्याने बैलगाडी चालली होती, तिच्या घुंगरांचा आवाज खाणीत स्पष्ट ऐकू येत होता. सगुणा होती तिथेच उभी होती. डोक्यावर हंडा तसाच. त्यातले थेंबभर पाणी सांडले नव्हते. तुळसा धावत आली आणि तिने तो हंडा उतरवून घेतला, तरी सगुणाचे हात वरच राहिले.

पहारी लावून शिळा हलवायला सगळी खाण लागली. दगडू जिवंत होता. कमरेच्या वरचा दगडू जसाच्या तसा होता. खालचे तुळसाने आपले लुगड्याचे फडके टाकून झाकले. महिपतने खडी भरलेला ट्रक रिकामा करवला, खाली गवत अंथरले आणि दगडूला त्यात ठेवले. तो स्वतः पुढे बसला. मागे दगडूच्या उशाशी सगुणा, आणि समोर ओले फडके घेऊन तुळसा. ठाण्याचे सरकारी इस्पितळ गाठायचे होते.

सगुणाला रडू येत नव्हते. दगडूच्या भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. ती ती धूळ बोटाने पुसत होती. पुसून झाली तरी पुसतच होती.

"सगुणा," तो म्हणाला.

"जी."

"हाक मारलीस मला."

तिचे बोट थांबले.

"म्या ऐकलं. नाव घ्येऊन हाक मारलीस."

सगुणाने वर पाहिले. तुळसाचे डोळे तिच्यावरच होते. नाही म्हणायला काय लागत होते? अवो, म्या दगड म्हणून वरडले, खाणीत समदी वरडत्यात तशी. खरे तेच होते. तिच्या शब्दाला दोष लागला नसता. चौघे वाचले ते त्याच शब्दाने. पण मग हा थांबला तो उगीच थांबला. हा जो डोळ्यांत उजेड घेऊन तिच्याकडे बघत होता, तो उजेड तिनेच फुंकर घालून विझवायचा. देवापुढे कधी खोटे न बोललेली बाई ती.

"व्हय," ती म्हणाली. "तुमालाच मारली."

"समद्यांम्होरं."

"समद्यांम्होरं."

"ब्येस मारलीस," दगडू म्हणाला.

माजिवड्याच्या वळणावर ट्रकला हिसका बसला तेव्हा त्याची मान तिच्या मांडीवर कलंडली. तुळसाने हात नाकाशी धरून पाहिला आणि ट्रकच्या टपावर थाप मारली. महिपतने ट्रक थांबवला. इस्पितळ तर समोर दिसल्यासारखे जवळ आलेले.

वाडीत दोन दिवस सुरुंग उडाला नाही. माणसे एकमेकांकडे बघत आणि एकच विचारीत, चौघे पळाले, तर दगडू का नाही पळाला? कानाने बहिरा नव्हता, पायाने अधू नव्हता. तुळसा मनाने वाईट नव्हती. पण ट्रकमध्ये ऐकलेले तिच्या पोटात मावेना. एकदा विहिरीवर ती बोलली आणि दिवे लागायच्या आत ते घरोघर गेले. नाव घेऊन हाक मारली म्हणून तो थांबला. नाव घेतलान न् नवरा खाल्लान. बायांना अपघाताहून त्या नावाचाच धसका बसला. जे चौघे वाचले त्यांच्या घरून सगुणाकडे भात-आमटी आली. आणून देणारीने टोपली उंबऱ्याबाहेर ठेवली आणि वर न बघता गेली.

सगुणाने कुणालाही काही सांगितले नाही. सांगितले असते तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मागे घेतल्यासारखे झाले असते.

आवडाबाई सुनेशी बोलायची बंद झाली. पोटचा एकुलता एक गेला होता, तिला कोण काय म्हणणार? ती सुनेचे पान वाढी, पाणी ठेवी, आणि भिंतीकडे तोंड करून बसे. सगुणाला मारले असते, घराबाहेर काढले असते तर बरे वाटले असते. चूल तेवढी दोघींच्या मधे जळत होती. तेरावे झाले तरी तेच.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी म्हातारी सुपात तांदूळ घेऊन दारात निवडायला बसली. सगुणा आत पीठ मळत होती.

"त्या दिशी काय वरडलीस?" म्हातारीने तांदळातली नजर न काढता विचारले.

सगुणाचा हात पिठातच राहिला. खोटे ज्याला सांगायचे होते त्याला सांगून झाले होते. ही त्याची आई.

"दगड," ती म्हणाली.

म्हातारी दचकली. या घरात सुनेच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा आला होता. सगुणाही दचकली. आता तो टाळायचा तरी कुणासाठी, हे त्याच क्षणी तिच्या लक्षात आले आणि इतक्या दिवसांत न आलेले पाणी तिच्या डोळ्यांत आले.

"माती गळाया लागली व्हती, आत्याबाई. म्या वरडले. त्यास्नी वाटलं, त्यास्नी हाक मारली."

"मंग? तू काय म्हनलीस?"

"व्हय म्हनले."

मग म्हातारी बोलू लागली, सुनेशी की स्वतःशी, ते कळत नव्हते. "त्याच्या आदी तीन लेकरं गेली माझी. चांगली नावं ठेवली व्हती त्यांची, राजावानी. ह्यो झाला तवा म्या म्हनलं, ह्याला दगड म्हनायचं. दगडाकडं कुनाची नजर जातीया? जगला. पर नावावर रुसलेलाच ऱ्हायला जलमभर. ल्हानपणी घरला यायचा रडत, पोरं चिडवायची म्हनून. मला म्हनायचा, आये, ह्ये नाव कुनी ग्वाड घेतच न्हाय." तिने सूप खाली ठेवले. "खूश झाला का गं?"

"व्हय," सगुणा म्हणाली. "ब्येस मारलीस म्हनले."

आवडाबाईने मान हलवली. त्या संध्याकाळी जेवताना ती भिंतीकडे वळून बसली नाही.

सकाळी सगुणा हंडा घेऊन निघाली तेव्हा म्हातारी तिच्या मागोमाग आली. गुडघे धरल्यापासून ती विहिरीवर आली नव्हती. रहाटाभोवती बाया होत्या. सगुणा दिसली तशी बोलणी थांबली आणि बायांनी आपापल्या घागरी जवळ ओढून घेतल्या. तुळसा तेवढी हलली नाही, पण तीही खाली बघत होती. एकजण दुसरीच्या कानाशी, पण ऐकू जाईल असे म्हणाली, "जिभेन येवरा इख असतंय हे मना नव्हता ठावं."

आवडाबाईने सुनेच्या हातातला हंडा काढून कट्ट्यावर ठेवला.

"म्या सांगितलेलं तिला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या पोराला नाव घ्येऊन हाक मारीत जा म्हनून. म्याच सांगितलेलं. त्याला ते आवडायचं. कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा."

सगुणाने सासूकडे पाहिले. म्हातारी तिच्याकडे बघत नव्हती. तुळसाने आपली घागर उचलून रहाटाजवळची जागा मोकळी केली.

म्हातारीने पोहरा आत सोडला. तो खाली पाण्याला लागला, भरला, जड झाला. तिने दोर ओढायला सुरुवात केली. दोन हात ओढून झाल्यावर दोर पुढे सरेना, तरी तिने कुणाला बोलावले नाही आणि दोरही सोडला नाही. सगुणा तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मागे पडलेला दोर तिने हातात घेतला. पोहरा हळूहळू वर येऊ लागला.