रेवदंड्यात नापास

हेमालीने पुन्हा एंटर दाबलं. टेस्ट पास. चाळीस वेळा दाबलं, चाळीस वेळा पास. सकाळी हीच टेस्ट सात वेळा नापास झाली होती आणि का, ते सांगायला मेली तयार नव्हती.

टेस्ट डिबगरची होती. डिबगर म्हणजे प्रोग्रामला एकेक पाऊल चालवून चूक शोधणारं साधन. मध्येच सिग्नल, म्हणजे तातडीची हाक, आला, की प्रोग्राम हातातलं सोडून तो निस्तरणाऱ्या हँडलरकडे धावतो. डिबगरने त्याच्यामागून आत जाऊन पहिल्या ओळीवर थांबायचं, एवढंच. मुंबईच्या ऑफिसात तो बिनतक्रार थांबायचा. रेवदंड्याला हेमालीच्या घरी मात्र त्याचे नखरे.

"तुझ्याच घरी फेल होते," तिचे साहेब, कमलेशसर, सकाळी मुंबईहून फोनवर म्हणाले होते. "आजच्या आज निकाल लाव, नाहीतर सोमवारपासून ऑफिसात येऊन बस."

येऊन बस म्हणे! आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले होते. हाताला धरल्याशिवाय तिला मोरीपर्यंत जाता येत नव्हतं आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

तेवढ्यात पंखा थांबला.

"लाईट गेली गो," आई खाटेवरून म्हणाली.

"दिसतंय मला!"

"माज्यावर कशाला वरडतेस? मी घालवली काय?"

हेमाली वरमली. लॅपटॉप आता बॅटरीवर होता. तिने रागारागाने एंटर दाबलं. नापास. पुन्हा नापास. दहाच्या दहा वेळा नापास. मग तिला आठवलं, सकाळीही लाईट नव्हती.

तिने कपाळावर हात मारून घेतला. बॅटरीवर लॅपटॉप मंदावायचा. टेस्टमधला सिग्नल मात्र घड्याळाच्या ठोक्यावर यायचा आणि डिबगरने पाऊल उचलायच्या आतच येऊन जायचा. धिम्या यंत्रावर कुठेही हेच झालं असतं. तिने टेस्ट बदलून सिग्नल अडवून धरला आणि डिबगर पाऊल टाकतानाच नेमका सोडला. मग बॅटरीवरच टेस्ट दोनशे वेळा चालवली. सगळ्या पास.

"शाबास!" कमलेशसर फोनवर ओरडलेच. "दोन वर्षं ही चूक टेस्टमध्ये होती, इथे कुणाला दिसलीच नाही. तुझ्यासारखं माणूस ऑफिसातच हवं. सोमवारी ये."

हेमालीने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत कानाला लावला.

"सर, ऑफिसात लाईट जाते?"

"छे! जनरेटर आहे."

"मग तिथे मला हे सापडलं असतं?"



"बरं," सर म्हणाले. "तूर्त तिथेच राहा."

आईने उठायला हात पुढे केला.

"फोन हातात हाय तर वीजवाल्यांकडं तक्रार कर गो. रोजचंच झालंय त्यांचं."

हेमालीने तिच्या बगलेत हात घातला.

"राहू दे गं आई," ती म्हणाली. "चल, मोरीत जायचंय ना?"