सिसिलीच्या चढाआधी सत्कार

आपल्या मंडळींत एखाद्याला बाजूला काढायचं असलं, की तोंडावर कोणी नको म्हणत नाही. त्याचा सत्कार करतात. हे मला पुरतं ठाऊक आहे. तरी यतीनच्या घरी कपाटावर शाल आणि नारळ दिसला तेव्हा मी बावळटासारखा विचार करत राहिलो, की आज कोणाचा बरं वाढदिवस.

कॉव्हेंट्रीतला आमचा मराठी सायकल क्लब मी काढला, तेव्हा हा यतीन पुण्यात शाळेत जात असेल. आता तो क्लबचा कॅप्टन आहे. मे महिन्यात सिसिलीला जायचं, तिथल्या मदोनी डोंगरांना एका दिवसात वळसा घालायचा, ही कल्पना त्याची. रस्ताही त्याने कॉम्प्युटरकडून काढून आणला होता. सगळ्यांत उभा चढ भर दुपारी, डोक्यावर एक झाड नाही, आणि पाणी घ्यायचं त्या गावातली दुकानं नेमकी तेव्हा बंद. मी हिवाळाभर नकाशात डोकं घालून तो रस्ता उलटा फिरवला. चढ सकाळच्या सावलीत आला, उतार दुपारी, आणि मध्ये बदामाच्या बागांजवळ पाण्याची सोय. यतीनने बघितलं, मान डोलावली आणि सगळ्यांना सांगताना ‘आपला रूट’ म्हणाला. मी गिळलं. त्या चढावर मी चढणार होतो, मग नाव कोणाचं का लागेना.

त्या शनिवारी यतीनकडे क्लबची मंडळी जमली, पोहे झाले, चहा झाला आणि यतीनने टीव्हीवर रस्ता लावला. कोण कोणाच्या मागे राहील ते सांगायला लागला. देवयानी आणि अंशुमन पुढे, माझी मुलगी सिया स्वतः यतीनसोबत मध्ये. सगळ्यांची नावं झाली, माझं आलं नाही. मी विचारणार तेवढ्यात देवयानी शाल घेऊन उठली आणि ती तिने सियाच्या हातात दिली. माझ्या पोटच्या पोरीने ती माझ्या खांद्यावर घातली. यतीन म्हणाला, कमलाकरकाका आमचे मार्गदर्शक, त्यांच्याशिवाय ही राइड नाहीच. मार्गदर्शक मागून व्हॅनमध्ये येणार होते, केळी आणि ट्यूब सांभाळत. टाळ्या वाजल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या लोकांना मी चढावर गिअर कधी टाकायचा ते शिकवलं होतं.

“मला शाल नको, मला तो चढ हवाय,” मी म्हणालो. “हे कोणाच्या डोक्यातून निघालं?”

यतीन जमिनीकडे बघायला लागला. मला वाटलं, चोर सापडला.

“मी सांगितला त्यांना, बाबा,” सिया तिच्या कॉव्हेंट्रीत वाढलेल्या मराठीत म्हणाली. “तुम्ही हिलवर थांबता आणि चेन चेक करता. एव्हरी टाइम. तुमचा चेन कधी खराब नसते.”

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही. मी शाल घडी न करता खुर्चीवर टाकली. उद्या एजहिलला ये, मी तिला सांगितलं. माझ्याआधी वर पोचलीस तर व्हॅन चालवीन, नाही तर परत माझ्या छातीचं नाव काढायचं नाही. छातीचं कोणी काढलंच नव्हतं. ते माझ्याच तोंडून निघालं आणि सियाने ते ऐकलं. कोणी काही बोलायच्या आत मी बाहेर पडलो.

एजहिल हा आमच्याकडचा त्यातल्या त्यात खरा चढ. सकाळी खाली गवतावर दव होतं, वारा बोचरा. पहिल्या वळणापर्यंत सिया पुढे होती. मग मी उभा राहून पॅडल मारलं आणि तिच्या बाजूने जाताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रागावर माणूस बराच चढतो. शेवटच्या झाडांपाशी मागे वळून पाहिलं तर ती दिसत नव्हती. मी जिंकलो होतो.

वर पोचून उतरलो आणि छातीत मूठ आवळावी तसं झालं. डावा हात दुखायला लागला. श्वास काही केल्या पुरेना. खालून तिच्या गिअरचा आवाज जवळ आला, तसा मी गुडघ्यावर बसलो आणि चेनला हात लावला. मला भीती वाटत होती. डोंगराची नव्हे, तिने मला असं बघण्याची.

ती आली, सायकल आडवी टाकली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं रडेल, किंवा हरले म्हणेल. तिने खिशातून एक फडकं काढून माझ्यापुढे धरलं.

“घ्या,” ती म्हणाली. “चेन पुसायला.”

फडकं कोरं होतं. ती ते घरून घेऊन आली होती. म्हणजे मी वर पोचून काय करणार, हे तिला निघतानाच माहीत होतं. मी ते घेतलं आणि चेन सोडून तोंड पुसलं. तिने विचारायच्या आधीच मी सांगितलं, की मला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने. तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

“व्हॅनची चावी माझ्याकडे राहील,” मी म्हणालो. “आणि तो यतीन चढावर दमून बसला, तर त्याला मी आत घेणार नाही.”

“नका घेऊ,” सिया म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून पत्ता सांगायला लागली.