ठमेचा दादा

आईचा दादा जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण या उन्हाळ्यापासून तो संध्याकाळचा घरी येऊ लागला.

येत होता खरा तो दादाचा मुलगा, माझा मामेभाऊ. तोच आवाज, तीच मान तिरकी करून बोलायची लकब. जन्मभर आईला आत्या म्हणत आलेला. आईने त्याला पहिल्यांदा दादा म्हटलं तेव्हा तो हसला. मग गप्प बसू लागला. मग एक दिवस चहाचा कप तिच्या हाती देत म्हणाला, "घे, ठमे." आई फुलून आली. ठमे म्हणणारं माणूस तिला परत मिळालं होतं. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

मग तिचे हात मोकळे दिसले. बांगड्या कुठं गेल्या विचारलं, तर दादाला नड होती, म्हणाली. मामेभावाला फोन केला, तर त्याने मलाच चार शब्द सुनावले. मी कुलूप बदललं. तिने ते आतून उघडून दिलं. दादा आता नाही, असं एकदा तिला सांगून पाहिलं. तो आत्ताच गेल्यासारखी रडली, सकाळी विसरली. पुन्हा सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्या दुपारी मी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून लवकर परतले. घरात मामेभाऊ होता आणि वकिलाचा कारकून. आई शिलाई मशीनपाशी बसलेली. जगाचे कपडे शिवून तिने या दोन खोल्या घेतल्या. त्याच आता बक्षीसपत्राने मामेभावाच्या नावावर जायच्या होत्या. कारकून माणूस सज्जन. आजींना दोनदा विचारलंय, म्हणाला, त्या आपणहून दादाला देतायत. घरोघरी एक दादा असतोच. त्याला त्यात वावगं काय दिसावं?

आई माझ्याकडे बघत होती. "ही बाई कोण रे, दादा?"

"कामाला आहे. तू अंगठा दे, ठमे."

माझ्या आत काही हललं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. मी पिशवी खाली ठेवली. आईची आई मी पाहिलेलीसुद्धा नाही. नुसतं ऐकलंय, की ती रागावली की आवाज खाली आणायची.

"ठमाबाई," मी हळूच म्हटलं. "मला न विचारता?"

आईची पाठ ताठ झाली. शाईचा अंगठा तिने पाठीमागे लपवला.

"माई, दादाच म्हणाला गं."

"दादाला मी बघते. जा, हात धू."

ती उठून गेली. माई कोण, कारकुनाने विचारलं. तिची आई, मी म्हटलं, आणि दादा तिचा भाऊ; दोघंही वारलेत. त्याने शाईच्या डबीचं झाकण लावलं, कागद आवरले.

जाताना मामेभाऊ दारात थांबला. "तू तरी वेगळं काय केलंस?"

मी दार लावून घेतलं.

आता तो आला तर आई दाराआडूनच सांगते, माईला विचारते हं. म्हणून मी माईच राहिलेय. मुलगी झाले, तर दार उघडेल.

परवा तिची वेणी घालत होते. "माई, मला एक मुलगी होती ना गं?"

"आहे. कामावर गेलीय."

"दमून येईल. तिच्या वाटणीचं झाकून ठेव."

मी ठेवलं.