श्वासबाबांची गोल फेरी

"वाढला! वाढला!" नावेवर एकच कल्ला झाला. पडद्यावरचा आकडा खरंच चढत होता. पुढे हात उंचावून उभे असलेले श्वासबाबा मंद हसले.

"लेकरांनो, समुद्राच्या नाकात फुंकर घातली. घेतोय बघा श्वास!"

माझं डोकंच फिरलं. कारण आकडा माझ्याच यंत्राचा होता. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणारं हे यंत्र आम्ही दोराला बांधून नावेमागे ओढत नेतो, म्हणून त्याला शेपूट म्हणतो. सकाळपासून शेपूट एकच सांगत होतं: खाडीतला प्राणवायू संपत आलाय. मावशीचे मासे तिथेच पिंजऱ्यांत होते. पिंजरे आजच्या आज बाहेरच्या पाण्यात नेले नाहीत, तर सगळे गुदमरून मरणार. ती पिंजऱ्यांचे दोर सोडणार, तेवढ्यात हे बाबा टपकले.

"अगं, तुझंच यंत्र सांगतंय की," मावशी म्हणाली. "मग कशाला हलवायचे पिंजरे?"

कप्पाळ माझं! तेवढ्यात बाबांनी नाव चालवणाऱ्या तांडेलकाकांना पुन्हा फर्मावलं, "फिरव गोल! समुद्राला कवेत घे!"

गोल? मी मागे पाहिलं. नावेच्या पंख्याने घुसळलेल्या फेसाचा पट्टा वळून आला होता आणि माझं शेपूट नेमकं त्यातूनच चाललं होतं. अस्सं होय!

"काका, आता सरळ घ्या. बाबा, करा चमत्कार."

बाबांनी हुंकार देऊन देऊन घसा बसवून घेतला. आकडा घसरला तो घसरलाच.

"कोणाच्या तरी मनात शंका आहे," बाबा खोकत म्हणाले.

"माझ्या! पण ती मघाशीही होती. तेव्हा बरा चढला? काका, आता गोल. मावशी, मंत्र तू म्हण."

"मला मेलीला कुठला येतोय मंत्र?"

"मग येईल ते म्हण."

मावशीने काकांच्या, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याच्या, घोरण्याचा यथेच्छ उद्धार केला. आकडा चढला! लोक पोट धरून हसले.

"घोरण्यात एवढी ताकद?" तांडेलकाकांनी विचारलं.

"ताकद तुमच्या पंख्याची! तो पाणी घुसळतो, फेसातून हवा मिसळते. गोल फिरलं की शेपूट आपल्याच फेसातून जातं. पिंजऱ्यांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही."

मावशीचं हसू मावळलं. "म्हणजे माझे मासे..."

"अजून जिवंत आहेत. पण चल लवकर!"

"थांबा, मुहूर्त..." बाबा पुटपुटले.

"मुहूर्त गेला खड्ड्यात!" मावशी कडाडली. "हात रिकामे आहेत ना? मग धरा दोर!"

बाबांनी मुकाट्याने दोर धरला. काही मासे गेलेच; त्यांचं मला अजून वाईट वाटतं. बाकीचे वाचले.

तुमच्याकडे कोणी चमत्कार दाखवला, तर भांडू नका. तेच सगळं मंत्र वगळून एकदा करून बघा. आणि करून बघेपर्यंत आपले पिंजरे कोणाच्या फुंकरीवर सोडू नका.