भीतीचा फासा

"टाक फासे," दिघेसाहेब म्हणाले. "ड्रॅगन बारा इंचांवर आलाय. तुझी टोळी पळते का उभी राहते, बघू."

ज्ञानदेव साळवेने फासे उचलले आणि मनातल्या मनात विनवणी केली, कमी पडू दे. सात किंवा वर पडले तर त्याची बुटक्यांची टोळी जागेवर टिकणार होती, आणि टिकली की पुढच्याच चालीत साहेबांचा सेनापती तिच्या कुऱ्हाडीखाली सापडणार होता. फासे गडगडत गेले. नऊ.

"टिकली की रे!" साहेब खूश होऊन ओरडले.

आता हा डाव हरायचा कसा? त्याने अंतर मोजायचा टेप लावला, शिशाचे बुटके उचलले आणि सेनापतीवर नेण्याऐवजी टेकडीआड नेऊन ठेवले. साहेबांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांच्या ड्रॅगनने टोळी जाळून टाकली.

दिघेसाहेब कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. सहा वर्षं विलायतेत राहून आलेले, एकटे. येताना त्यांनी शिशाच्या रंगवलेल्या बाहुल्यांची पेटी आणली होती. बोटाच्या पेराएवढे बुटके, हिरवी पिशाच्चं, घोडेस्वार आणि एक पंखवाला ड्रॅगन. निगडीच्या बंगल्यात प्लायवुडवर हिरवी चादर अंथरून, खाली पुस्तकं सरकवून टेकड्या करायच्या आणि लढाई लावायची. पण लढणार कुणाशी? पिंपरीत असला माणूस मिळेना. नियमांच्या पुस्तकाची पानं सुटायला आली, तेव्हा त्यांनी ते ऑफिसातल्या टायपिस्टकडे, म्हणजे ज्ञानदेवकडे, टाइप करायला दिलं. बावन्न पानं, कार्बन घालून तीन प्रती. ज्ञानदेवने एकही चूक न करता टाइप केली आणि तेवढ्यात त्याला ती पाठही झाली.

"नियम तुला माझ्याहून चांगले येतात," साहेब म्हणाले. "रविवारी बंगल्यावर ये."

वर्क्स मॅनेजरला नाही कोण म्हणणार? त्यातून ज्ञानदेव टेंपररी. सलग दोनशे चाळीस दिवस भरले तर माणूस कायम करावा लागेल, म्हणून कंपनी सात महिने झाले की ब्रेक द्यायची. ब्रेकनंतर परत घेतलं तर घेतलं. ज्ञानदेवने असे दोन ब्रेक भोगले होते. आता तिसरा तोंडावर आला होता आणि बायकोला, कस्तुराला, सातवा महिना लागला होता.

हेडक्लार्क हिंदुरावांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं होतं. "जिंकायचं न्हाई, राव. पण लगेच हरायचंबी न्हाई. सायबाला घाम फुटला पायजे, मग त्याला जिंकल्याची मजा."

म्हणून ज्ञानदेव हरायला शिकला. हे काम जिंकण्यापेक्षा अवघड निघालं. तिरंदाज टेकडीवर चढवायचे, आणि नेमक्या वेळी खाली उतरवायचे. घोडेस्वार लांबून फिरवून आणायचे, पण एक चाल उशिरा. बगल उघडी टाकायची, ती साहेबांनाच सापडल्यासारखी. दर रविवारी तो घामाघूम होऊन खराळवाडीतल्या खोलीवर परतायचा.

"पोरासारखं खेळायला जाता अन् तापातून उठल्यागत येता," कस्तुरा म्हणायची. "एकदा जिंकून तर बघा."

"अन् नोकरी गेली तर?"

शनिवारी पर्सोनेल खात्यातून ब्रेकची कच्ची यादी टायपिंगला आली. आठ नावं. आठ हा आकडा वरून आला होता. सातव्या नावापर्यंत ज्ञानदेवची बोटं नेहमीसारखी चालली. आठवं नाव त्याचं होतं. खाली नववं, पेंटशॉपच्या दत्तोबाचं, लिहून पेन्सिलीने खोडलेलं. त्याने स्वतःचं नाव टाइप केलं, स्पेलिंग तपासलं आणि कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब फोनवर होते. न वाचता त्यांनी सही केली आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "उद्या ड्रॅगन तू घे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तो कागद घेऊन बाहेर आला.

सायकल स्टँडवर दत्तोबा वाट बघत उभा होता. राजगुरुनगरकडचा माणूस, चार पोरांचा बाप.

"भाऊ, खरं सांगा. माजं नाव हाय का यादीत?"

"न्हाई, दत्तोबा."

"बगा हां. आमी खोली घेतलीय. बायकापोरास्नी आणायला उद्या गावाला निगालोय."

"आण बिनघोर," ज्ञानदेव म्हणाला.

रविवारी त्याने ड्रॅगन घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बावन्न पानांतलं एकूण एक कलम त्याने वापरलं. एक टोळी भिववून पळवली, तिच्या पळापळीने दुसरी पळाली, आणि पाऊण तासात साहेबांचा सेनापती चादरीवर आडवा झाला. साहेब टाळ्या पिटत उठले.

"मला कळत होतं, तू मुद्दाम हरतोस! कशाला रे?"

"भीती वाटायची, साहेब. मी टेंपररी आहे."

"तू? टेंपररी?" साहेबांना खरंच माहीत नव्हतं.

"काल तुम्ही सही केलीत त्या यादीत आठवं नाव माझं आहे."

साहेब खुर्चीत बसले. "वेडा आहेस का तू? सांगायचं नाही? उद्या पहिलं काम ते. नाव काढून टाकतो तुझं."

निगडीहून पिंपरीपर्यंत ज्ञानदेवने सायकल उडवतच आणली. कस्तुराला सांगितलं, ती हसली, रडली, चहा ठेवायला उठली. चहा उकळेपर्यंत त्याचं तोंड उतरलं.

"आता काय झालं?"

"आठच्या आठ माणसं लागतात त्यांना. माझ्या जागी दत्तोबा जाईल. मी त्याला सांगितलंय, आण पोरं म्हणून."

कस्तुराने स्टोव्हवरचं भांडं उतरवलं. "तुमाला पण पोर होणार हाय," ती म्हणाली. मग चहा गाळताना म्हणाली, "काय ते तुमचं तुमी ठरवा. मी उद्या विचारणार न्हाई."

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "पर्सोनेलशी बोललोय. तुझं काढ, खालचं घे. यादी नवीन टाइप करून आण."

ज्ञानदेव मशीनवर बसला. सात नावं झाली. नोकरी जायची भीती तर होतीच, कस्तुराच्या बाळंतपणाची होती, तिसऱ्यांदा बाहेर राहून परत कुणी न घेण्याची होती. पण सगळ्यांत जास्त भीती त्याला वाटली ती उद्या गेटवर दत्तोबाला तोंड दाखवायची. त्याने आठवी ओळ टाइप केली, कागद ओढून काढला आणि केबिनमध्ये नेला.

या वेळी साहेबांनी यादी वाचली. बोट एकेका नावावरून खाली उतरत आठव्या ओळीवर थांबलं. तिथे अजूनही ज्ञानदेव साळवे हेच नाव होतं. बाहेर शिफ्टचा भोंगा वाजला, बंद झाला. ज्ञानदेव टेबलासमोर हात मागे बांधून उभा होता.

साहेबांनी वर पाहिलं नाही. सही केली, टोपण लावलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. पुढच्या रविवारी ये, असं ते म्हणाले नाहीत.