पेढ्या मुराळी

पेढ्या म्हणजे आमचा कुत्रा. रंग पेढ्याचा, म्हणून प्राचीनं नाव ठेवलं. प्राची माझी एकुलती लेक. ती लग्न होऊन अवसरीला नांदायला गेली आन् या कुत्र्यानं माझा जीव खाल्ला. आमी शेतात निघालो की दाराला पंजे मारायचा, उंबरा कुरतडायचा, गळा काढून रडायचा. मोकळा सोडावा तर उसात बिबट्या. पडवीत कोंडावा तर शेजारची भागू भांडायला तयार. म्हणायची, साधना, तुझं कुत्रं रडून रडून बिबट्याला आवतान धाडतंय. म्या म्हणलं, तुझा आवाज ऐकून तो यायचा न्हाई. पण मनातनं मी बी घाबरले व्हते.

प्राचीला कळलं तसा तिनं एक कॅमेरा मागवून धाडला. तो पडवीतल्या फळीवर बसवायचा. ती अवसरीत मोबाईलवर पेढ्याला बघणार, बोलणार, आन् तिचा आवाज हितं फळीवरनं येणार. संगं एक डबा. तिनं तिकडं बटण दाबलं की हितं त्यातनं बिस्किट पडायचं. आमचे मालक, गोरख, त्याच्याशी लई झटले. वायफाय लागंना तर माझ्यावर चिडले, जसं काय वायफाय मीच पदराला बांधून ठिवलं व्हतं.

लागलं एकदाचं. फळीवरनं "पेढू" अशी हाक आली आन् कुत्रं येड्यावानी गोल गोल फिरलं, मग फळीखाली गोणपाटावर बसलं ते उठंचना. हळूहळू रडणं थांबलं. भागू बी गप झाली.

आता खरं सांगते, मला राग आला. मला फोन केला की हिचं ठरल्यालं. बरी हाय, सगळी बरी हायेत, जेवले, ठेवू का? आन् कुत्र्याशी रोज दुपारी गप्पा. आईपरास कुत्रं जवळचं झालं व्हय, असं एकदा बोलून दाखवलं, तर नुसती हसली. ते हसणं बी मला नीट वाटलं न्हाई, पण टोमॅटोची तोडणी चालली व्हती, इचार करायला सवड कुणाला?

त्याच तोडणीत एक दिवस चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी दुपारचीच घरी आले. कुलपाला चावी लावली आन् आतनं प्राचीचा आवाज आला.

"पेढू, आज बी कुणी बोललं न्हाई रे माझ्याशी. नोकरीचं इचारलं तवापासनं सगळ्यांनी अबोला धरलाय. ताट वाढून ठेवतात आन् उठून जातात. मला घरी यायचंय. आईला सांगू नको, तिला झोप लागायची न्हाई."

चावी तशीच हातात राहिली. लग्नाआधी ती नारायणगावात औषधांच्या दुकानात कामाला जायची. मंचरला नोकरी करू देऊ, असा शब्द सासरच्यांनी भर बैठकीत दिला व्हता. जावई, आदेशराव, चाकणला कंपनीत, रविवारचे घरी. आत जावं तर तिला कॅमेऱ्यात दिसणार. तिला कळलं, की मग ती कुत्र्याशी बी बोलायची न्हाई. मी तशीच अनवाणी बांधावर गेले, परत दारात आले, परत बांधावर गेले. पेढ्या आधी जसा फिरायचा तशी मी फिरत व्हते.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, सण न्हाई, वार न्हाई, लेकीला आणायला जायचं कसं? लोक काय म्हणतील? आन् मुराळी कोण? आमच्यात सासरवाशिणीला न्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. प्राचीला भाऊ कुठला? एवढं बोलले खरं, पण जेवता जेवता दोनदा उठून फळीखाली जाऊन उभे राहिले. भाकरी काय संपली न्हाई त्यांची.

दुसऱ्या दुपारी मी शेतात गेलेच न्हाई. पेढ्याला मांडीशी घेऊन फळीखाली बसले. "पेढू" अशी हाक आली आन् मला बघून आवाज बंद झाला. म्या वर बघितलंच न्हाई. पेढ्याची मान खाजवत त्यालाच म्हणलं, "तुझ्या ताईला सांग, पिशवी भरून ठेव. उद्या मुराळी येतोय."

मग डब्यातनं एक बिस्किट पडलं. मग अजून एक. मग पडतच राहिली. पेढ्याला काय कळंना, तो आपला खात राहिला, आन् मी पदर तोंडाला लावून बसले.

सकाळी मालकांनी पिकअप काढली. मुराळी म्हणल्यावर मान पाहिजे, म्हणून म्या पेढ्याच्या गळ्यात नवं उपरणं बांधलं. मालक "काय हे" म्हणाले आन् गाठ त्यांनीच नीट केली.

अवसरीत विहीणबाई पारूबाईंनी चहा पुढं ठेवला. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं पाणी बी घ्यायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत, त्यामुळं कप तसाच राहिला. पेढ्या कवाच जिन्यानं वर गेला व्हता. वरनं त्याचं ओरडणं ऐकू येत व्हतं. पारूबाईंनी इचारलं, "सणावाराशिवाय लेक न्यायची म्हणता, मग मुराळी कोण?"

तेवढ्यात प्राची जिन्यावरनं खाली आली. लई वाळली व्हती. एका हातात पिशवी, आन् उपरणंवाला पायात घोटाळत व्हता.

"हा काय," म्या म्हणलं. "नोकरीचा दिलेला शब्द आठवला की जावईबापूंना धाडा. तवर ती माहेरी ऱ्हाईल."

पारूबाई कायतरी बोलल्या, पण पेढ्याच्या आवाजात ते मला ऐकू आलं न्हाई. आलं असतं तरी मी थांबले नसते.

गाडी मंचरच्या पुढं आली तवा प्राचीनं इचारलं, "आई, तू ऐकलंस?"

"म्या न्हाई. पेढ्यानं चहाडी केली."

तिनं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं आन् कळंबपर्यंत रडली. म्या रडू दिलं. मग डोळं पुसून तिनं सवयीनं मोबाईल उघडला. पडवी दिसली, रिकामं गोणपाट दिसलं, एक बिस्किट पडलं व्हतं. ती बघतच राहिली. घरात कुणीच नव्हतं. आमी सगळी गाडीत व्हतो.