पोळ्याच्या रांगेतली मोटारसायकल

पोळ्याच्या दिवशी सकाळी बंडूजीच्या अंगणात एक मोटारसायकल, एक बादली, दात घासायचे दोन झिजलेले ब्रश, अर्धी बाटली रॉकेल, जुन्या लुगड्याचे चार तुकडे आणि सात सल्लागार होते. सहा फुटांवर पुरणाची चूल पेटलेली होती.

बैलजोडी विकून बंडूजीला तीन वर्षं झाली होती. यंदा त्यानं अख्ख्या हिंगणीत सांगून टाकलं, की आपण पोळ्याच्या रांगेत गाडी उभी करणार. दूध तीच वाहते, तर मानही तिचाच. तोरणाखालची पहिली जागा त्याच्या आज्यापासूनची, ती त्याला सोडायची नव्हती. पोळ्याचा कारभार नत्थूजींकडे. त्यांनी नाही म्हटलं नाही, अट घातली.

"सुरू ठेवजो. मेलेला बैल आपण उभा करत नाई. पोळा फुटायच्या आंधी बंद पडली, तं जागा दुसऱ्याले."

अडचण अशी, की उभ्या जागी गाडी नऊ मिनिटांत तापून बंद पडे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, तसं बंडूजी तीन वर्षं इंजिनाला चोळत आला होता. त्यावर रस्त्याची धूळ बसली आणि भाजून पक्की झाली. इंजिनाच्या ज्या पात्यांमधून वारा खेळायचा, ती बुजून गेली होती.

"येवढं तूप मले बाळंतपणात नाई भेटलं," त्याची बायको तानाबाई म्हणाली.

बंडूजीचा बेत सोपा होता. गाडी पळवत नदीवर न्यायची आणि बैलासारखी पाण्यात घालायची. सल्लागारांना तो पटला. एकानं भर घातली, की रॉकेलपेक्षा पेट्रोलनं मळ लवकर सुटतो. त्याच्या तोंडात बिडी होती.

तानाबाई पुरणाच्या हातानंच उठली. आधी तिनं बिडी विझवायला लावली, मग गाडी चुलीपासून लांब, कडुलिंबापाशी ढकलायला लावली.

"तापल्या तव्यावर पाणी टाकून पाह्यलं का कधी? तवा तडकते. हात लावून पाहा आंधी. अन् रॉकेल हाय जी हे, गोमूत्र नाई."

दुधाची फेरी होऊन तीन तास झाले होते, इंजिन गार होतं. तिनं कार्बोरेटरवर आणि प्लगवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या सुतळीनं बांधायला लावल्या. बंडूजीनं बांबूच्या कांबीनं थर खरवडला, उरलेला मळ रॉकेलच्या ब्रशनं सोडवला, मग साबणाचं पाणी घेऊन पुसून काढलं. चिंध्या उघड्यावर पसरल्या. गाडी दोन तास उन्हात वाळली. सुरू केली तेव्हा जळक्या पुरणपोळीचा वास आला.

दुपारी तोरणाखाली एक्केचाळीस जोड्या आणि एक मोटारसायकल उभी राहिली. हँडलला घुंगरांची माळ होती. शेजारच्या जयवंताचा बैल तिची सीट चाटत होता.

नत्थूजी दरसाल पाच झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत; त्या संपल्या, की तोरण तोडायचं आणि पोळा फुटायचा. यंदा इंजिनाकडे नजर ठेवून ते नवव्या झडतीवर गेले. बंडूजीला घाम फुटला. नववी संपल्यावर नत्थूजींनी पुन्हा पहिली धरली.

"भाऊजी," ओट्यावरून तानाबाई बोलली, "हे तं मघाच झाली. तुमचं इंजिन तापलं का?"

बायांच्या हसण्यात झडती बुडाली. कोणीतरी तोरण तोडलं.

पोळा फुटला तेव्हा चौतीस मिनिटं झाली होती. गाडी पस्तिसाव्या मिनिटाला बंद पडली.